शेजाऱ्यानं वहिवाटीचा गाडीरस्ता जेसीबीनं खोदला. तहसीलला जाऊ की दिवाणी कोर्टात?

ओढ्याकाठची (११ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातून लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. सगळे ओळखीपाळखीचे आहेत आणि मला प्रकरण वाढवायचं नाही, मिटवायचं आहे.

आमची पावणेतीन एकर जमीन शिवरस्त्यापासून आत आहे. मध्ये दुसऱ्याचा एक गट लागतो आणि त्याच्या पूर्वेच्या बांधाला धरून आमचा गाडीरस्ता. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून त्याच रस्त्यानं बैलगाडी गेली, पुढे ट्रॅक्टर गेला, उसाच्या गाड्या गेल्या. कधी कुणाला विचारावं लागलं नाही. मधला गट तीन वर्षांपूर्वी विकला गेला. नवीन मालकांनी १४ मे रोजी जेसीबी आणून रस्त्याच्या तोंडाशी आडवा चर मारला आणि पुढचा सगळा रस्ता नांगरून टाकला. पाऊस पडल्यावर त्यात मका पेरला. विचारायला गेलो तर म्हणाले, "माझ्या खरेदीखतात रस्ता लिहिलेला नाही. तुम्हाला ओढ्यातून वाट आहे की." ओढ्यातून माणूस पायी जातो हे खरं, पण पावसाळा लागल्यापासून थेट डिसेंबरपर्यंत तिथं ट्रॅक्टर घातला की रुतलाच.

तलाठी भाऊसाहेब म्हणाले, गावनकाशावर रस्ता दिसत नाही, मी काही करू शकत नाही. जूनमध्ये तहसीलला 'रस्ता मिळणेबाबत' असा अर्ज दिला, पोच आहे माझ्याकडे. त्याचं पुढे काहीच झालं नाही. चौकशीला गेले की "मालकांना पाठवा" म्हणतात. माझे मालक, म्हणजे नवरा, पुण्याला ट्रकवर आहेत. सातबारा सासूबाई आणि मालक दोघांच्या नावावर आहे. दाराशी उभी मी, पण कागदावर मी नाही.

ऊस उभा आहे. नोव्हेंबरअखेर तोडणी येईल. टोळीच्या मुकादमानं आत्ताच सांगून टाकलंय, गाडी फडापर्यंत जाणार नसेल तर तुमचा नंबर मागं टाकू. मागं पडला की वजन घटणार आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहणार.

नक्की कुठं जायचं? वकील लागतोच का? सासूबाईंना कोर्टाची पायरी चढायची फार भीती वाटते. कृपया अनुभवाचं सांगा.

भीमाथडी (११ ऑक्टोबर)

ताई, सरळ दिवाणी कोर्टात जा. आमच्या पाइपलाइनच्या वादात तहसीलदारांनी आदेश आमच्या बाजूनं दिला होता. समोरचा प्रांताधिकाऱ्यांकडे गेला, तिथं स्थगिती मिळाली, मग फेरचौकशीसाठी प्रकरण पुन्हा खाली आलं. तोवर तहसीलदार बदलले. नव्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. बरीच वर्षं त्यात गेली. शेवटी दिवाणीत दावा लावला तेव्हा कुठं निशाणी ५ वर, म्हणजे दाव्यासोबतच्या तात्पुरत्या अर्जावर, मनाई मिळाली आणि पाणी सुरू झालं. कोर्टाचा हुकूम तो कोर्टाचा हुकूम. महसूलवाल्यांच्या नादी लागू नका.

निवृत्त अव्वल कारकून (१२ ऑक्टोबर)

ओढ्याकाठची ताई, आधी कॅलेंडर काढा. बाकी सगळं नंतर.

तुमचा चर १४ मेचा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली अडवलेला वहिवाटीचा रस्ता खुला करून मागता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. म्हणजे १४ नोव्हेंबरला तुमची मुदत संपते, आणि मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. भीमाथडींचा अनुभव खोटा नाही, तो मी टेबलाच्या या बाजूनं पुष्कळ वेळा पाहिला आहे. पण दिवाणीचं दार तुम्हाला पुढेही उघडं राहणार आहे, हे दार मात्र महिन्याभरात बंद होईल. म्हणून आधी इकडं या.

माझी सगळी नोकरी तहसीलमध्ये गेली, त्यातला मोठा काळ रस्त्यांच्या प्रकरणांत. जे पाहिलं ते सांगतो.

तुमचा जूनचा अर्ज का पडून राहिला असेल, ते त्याच्या विषयावरूनच कळतं. 'रस्ता मिळणेबाबत' लिहिलं की टेबलावरचा माणूस तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धरतो. ते कलम नवीन रस्त्यासाठी आहे. ज्याच्या शेताला जायला रस्ताच नाही, त्याला दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून वाट द्यायची की नाही, हे तिथं ठरतं. तुमची तक्रार तशी नाही. रस्ता होता, तो मोडला, ही तुमची तक्रार आहे. ती कलम ५ ची. नवीन दाव्यात स्पष्ट लिहा की पूर्वापार वहिवाटीच्या गाडीरस्त्यात अमुक तारखेला अमुक यांनी चर खोदून व रस्ता नांगरून अडथळा केला, तो दूर करावा आणि पुन्हा अडथळा करू नये अशी ताकीद द्यावी. दोन्ही कलमं एका कागदात कालवू नका. रस्ता होता असंही म्हणायचं आणि नवा द्या असंही म्हणायचं, या एका कारणावर चांगले चांगले आदेश वर जाऊन कोसळलेले मी पाहिलेत.

दुसरं, हा अर्ज नसतो, दावा असतो. या कायद्याखाली तहसीलदार कोर्ट म्हणून बसतात. वादी कोण, प्रतिवादी कोण, त्यांचे पत्ते, जमिनीचं वर्णन, अडथळा कधी आणि कसा झाला, साक्षीदार कोण, हे सगळं लागतं आणि खाली सत्यापनावर, म्हणजे 'वरचा मजकूर खरा आहे' या मजकुरावर, सही. वादी म्हणून सासूबाई आणि तुमचे मालक, दोघांची नावं घाला. तुम्ही त्यांच्या वतीनं हजर राहू शकता, तसं अधिकारपत्र जोडा, म्हणजे "मालकांना पाठवा" हे ऐकावं लागणार नाही. प्रतिवादींमध्ये मधल्या गटाच्या आजच्या सातबाऱ्यावर जितकी नावं आहेत तितकी सगळी. त्यांचा भाऊ मुंबईला असेल, बहीण सांगलीला दिली असेल, तरी नाव घालायचं. एक नाव राहिलं की तो माणूस पुढे प्रांतांसमोर उभा राहून "मला ऐकलंच नाही" म्हणतो आणि प्रकरण फेरचौकशीला परत येतं. भीमाथडींचं काय झालं मला माहीत नाही, पण फेरचौकशीची कारणं बहुतेक वेळा अशीच असतात: नोटीस नीट बजावली नाही, कुणाला तरी ऐकलं नाही, स्थळपाहणी दोन्ही बाजूंसमोर झाली नाही.

आता स्थळपाहणीविषयी. या सगळ्या प्रकरणाचा जीव तिथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका गावात आम्ही पाहणीला गेलो होतो. प्रतिवादी छातीठोकपणे सांगत होता, इथं रस्ता कधी नव्हताच. रान नांगरलेलं, तूर गुडघ्याच्या वर आलेली. वरवर पाहता त्याचंच खरं वाटावं. साहेबांनी सगळ्यांना बांधावर थांबवलं आणि स्वतः तुरीच्या ओळींतून चालत गेले. मध्येच दोन पट्टे होते, गाडीच्या दोन चाकांत असतं तेवढ्या अंतरावर. त्या दोन पट्ट्यांत तूर वीतभर कमी, पानं पिवळी. जमीन वर्षानुवर्षं दबलेली, एका नांगरटीनं ती मोकळी होत नाही. पुढे वळणावर एक जुना लिंब होता. त्याच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर एकाच बाजूनं साल घासून गेलेली आणि तिथं काळं वंगण मुरलेलं. बैलगाडीचा आख प्रत्येक वळणाला त्या बुंध्याला घासत होता. साहेबांनी प्रतिवादीला जवळ बोलावलं, त्याचा हात त्या खुणेवर ठेवला आणि विचारलं, "ही गाडी कुठून कुठं जात होती?" तो काही बोलला नाही. ते न बोलणंही पंचनाम्यात लिहिलं गेलं. मीच लिहिलं.

तेव्हा ताई, तुमच्या रस्त्यावर अशा खुणा कुठं आहेत ते आजच बघून ठेवा. मक्याची ओळ कुठं खुजी आहे, कुठं जुना नळा टाकलेला आहे, बांधाला गाडी उतरायचा उतार आहे का, तुमच्या हद्दीत रस्ता जिथं पोहोचतो तिथं पुढची चाकोरी शाबूत आहे का. तुमच्या हद्दीतली चाकोरी मोडू देऊ नका, तो मोठा पुरावा आहे. पाहणीच्या दिवशी मधल्या गटाचे जुने मालक येतील का, हे विचारा. जमीन विकली म्हणून त्यांची साक्ष संपत नाही, उलट वजनदार ठरते. लगतच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी, तुमच्याकडं ऊस वाहिलेला जुना गाडीवान, मळणी मशीनवाला, यांचे जबाब घ्यायला सांगा. पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो मोठ्यानं वाचून घ्या. सासूबाईंनाही ऐकू द्या. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथं हरकत लिहून द्यायची, दुसऱ्या दिवशी नाही.

तलाठी म्हणाले नकाशावर रस्ता नाही. नसेलही. गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेले रस्ते असतात त्यांची गोष्ट वेगळी, ते सार्वजनिक. पण शेताशेतांतल्या वहिवाटीच्या वाटा पुष्कळदा नकाशावर नसतात. नकाशावर नाही म्हणून वहिवाट नव्हती असं होत नाही. ती साक्षीनं आणि खुणांनी सिद्ध करायची.

मला या कामाचा आदर वाटत आला तो एका कारणानं. मराठेशाहीत गोतसभा भरायची, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे बसायचे आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी कागद, व्हायचा. त्यावर सही न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगराची असे. वादाच्या जागेवर उभं राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर खरं काय ते काढायचं, ही रीत इथं जुनी आहे. चांगला अधिकारी असेल तर बांधावरची पाहणी आजही तशीच होते. माणसं कचेरीत जे खोटं सहज बोलतात, ते गावकीसमोर बोलताना अडखळतात.

आदेश झाल्यावर त्यावर अपील नाही, पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडून आदेशाची तपासणी) आहे, कलम २३ खाली. ते बहुधा प्रांतांसमोर चालतं. समोरचा तिकडं जाईल हे धरून चाला.

ओढ्याकाठची (१२ ऑक्टोबर, रात्री)

काका, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. लिंबाच्या बुंध्याचं ऐकून त्या उठूनच बसल्या. आमच्या रस्त्यावर झाड नाही, पण चराच्या अलीकडे सिमेंटचा नळा आहे, तो सासऱ्यांनी स्वतः टाकला होता. जेसीबीनं त्याचं एक तोंड फुटलंय पण नळा जागेवर आहे. उद्याच फोटो काढते. जुने मालक बार्शीला मुलाकडे असतात, त्यांना फोन केला. येतो म्हणाले.

दोन शंका आहेत. खरेदीखतात रस्ता नाही हे त्यांचं म्हणणं कितपत टिकतं? आणि ओढ्यातून वाट आहे म्हणून आमचा हक्क जातो का?

तालुका कोर्टातली वकील (१३ ऑक्टोबर)

काकांनी तारखेचं सांगितलं ते आधी करा. तुमच्या दोन शंकांपुरतं माझं.

खरेदीखताचं म्हणणं टिकत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. जुन्या मालकांच्या जमिनीवर तुमच्या वहिवाटीचा भार होता, तो भार जमिनीबरोबर नव्या मालकांकडे आला. दोघांनी आपापसात केलेल्या कागदात तुमचा रस्ता लिहिला नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही, कारण त्या कागदात तुम्ही नव्हताच.

ओढ्याचं उत्तर थोडं लांब आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये रस्त्याचा हक्क वेगवेगळ्या वाटांनी येतो. कलम १३ मध्ये गरजेपोटी मिळणारा हक्क आहे, तिथं दुसरी वाट असणं आड येऊ शकतं. कलम १५ मधला हक्क वेगळा. वीस वर्षं उघडपणे, शांततेत, अखंड आणि हक्क म्हणून वापर केला असेल तर तो हक्कच होतो, मग दुसरी वाट असो वा नसो. तुमच्या घराण्याचा वापर त्याहून कितीतरी जुना आहे. म्हणून "आम्हाला दुसरा रस्ताच नाही" एवढ्यावरच दावा उभा करू नका. "आम्ही हा रस्ता पिढ्यानपिढ्या हक्कानं वापरत आलो" हे पहिलं वाक्य असू द्या. तहसीलदारांसमोरही तेच. ओढ्यात ट्रॅक्टर रुततो हे पुरवणी म्हणून.

भीमाथडींनी सरळ दिवाणी सुचवलं. त्यात एक अडचण आहे. निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दाव्याबरोबरचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, त्यात कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी तुमची बाजू खरी दिसते का, मनाई दिली किंवा नाकारली तर कुणाची गैरसोय जास्त, आणि पैशानं भरून न येणारं नुकसान होणार आहे का. रस्ता चालू असताना कुणी अडवू पाहत असेल तर अशी मनाई लवकर मिळते. भीमाथडींचं पाणी त्यामुळं सुरू झालं असेल. पण तुमचा रस्ता पाच महिन्यांपूर्वीच मोडलाय. आता "मोडू नका" म्हणून उपयोग नाही, "चर बुजवून द्या" म्हणावं लागेल. दावा चालू असताना असा करायला लावणारा हुकूम कोर्ट फार हात राखून देतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९० सालीच त्याच्या अटी कडक करून ठेवल्या आहेत. नाहीतर मग कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, सरतपासणी, उलटतपासणी असं सगळं होऊन हुकूमनाम्यापर्यंत थांबायचं. कैफियतीलाच कायद्यानं तीस दिवस, वाढवून नव्वद. तुमचा ऊस तेवढा थांबणार नाही. कलम ५ मध्ये अडथळा काढून टाकणं हाच मूळ आदेश आहे, म्हणून आज ते दार जवळचं.

हक्काचा कायमचा निर्णय मात्र दिवाणी कोर्टच देतं. तहसीलदारांचा आदेश दिवाणी हुकूमनामा येईपर्यंतचा असतो. तेव्हा रस्ता एकदा चालू झाला की मनाईहुकूम आणि हक्क जाहीर करून मागण्याचा दावा लावायचा विचार करा. मग निशाणी ५ वर तुमची बाजू भक्कम असेल, कारण रस्ता प्रत्यक्ष चालू असेल आणि हातात तहसीलदारांचा आदेश आणि पंचनामा असेल. तहसीलचा आदेश झाला की लगेच दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाका, ते नव्वद दिवस चालतं. समोरच्यानं तुमच्या पाठीमागं जाऊन स्थगिती मागितली तर कोर्ट आधी तुम्हाला बोलावेल.

वकिलाच्या खर्चाचं. सासूबाई वादी आहेत, तेवढं पुरेसं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. सातबारा, आधार आणि साधा अर्ज घेऊन जा. सासूबाईंना सोबत न्या. त्यांना सांगा, तिथं त्यांना कुणी आरोपी म्हणून बोलावणार नाही, त्या आपलं मागायला चालल्यात.

अजून एक. गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. तुमच्या गटावर जाऊन वर्षं मागं न्या. रस्ता वरून पांढरट रेषेसारखा दिसत असेल तर ती चित्रं काढून ठेवा. दिवाणी कोर्टात अशा गोष्टीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील.

पांदणवाला (१३ ऑक्टोबर)

यवतमाळहून. आमच्याकडे विदर्भात अशा वादात पहिला प्रश्न असतो, वाजिब-उल-अर्जात काय लिहिलंय. गावातल्या वाटेच्या, पाण्याच्या रूढी त्यात नोंदवलेल्या असतात, महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये त्याची तरतूद आहे. आमच्या पांदणीचा वाद त्या एका ओळीवर मिटला. तुमच्या भागात हे दप्तर मिळणं कठीण, पण विदर्भातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी तलाठी दप्तरात आणि अभिलेख कक्षात आधी तेच शोधावं.

ओढ्याकाठची (१९ ऑक्टोबर)

दावा परवा दाखल झाला! विधी सेवा समितीकडून वकीलबाई मिळाल्या, कलम ५ चाच दावा, पाच प्रतिवादी. सासूबाईंनी सत्यापनावर अंगठा नाही, सही केली. नोटिसा निघाल्यात.

आता नवीनच झालंय. नोटीस मिळाल्याबरोबर शेजारी सरपंचांना घेऊन घरी आले. म्हणाले, भांडण कशाला, यंदाचा ऊस काढून न्या, मी चर बुजवून देतो. स्टॅम्प पेपर तयारच होता. त्यात लिहिलंय की "मालकाच्या परवानगीने यंदाच्या हंगामापुरते" जायचं आणि आम्ही दावा मागं घ्यायचा. सरपंच चांगले आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे. सासूबाई म्हणतात, ऊस निघतोय ना, सही करून टाकू. वकीलबाई गावी गेल्यात, फोन लागत नाही. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

तालुका कोर्टातली वकील (१९ ऑक्टोबर)

सही करू नका. तो कागद ऊस काढायचा नाही, हक्क सोडायचा आहे.

वर लिहिलं तसं, वीस वर्षांचा वापर "हक्क म्हणून" झालेला असावा लागतो. आज तुम्ही लिहून दिलं की आम्ही मालकाच्या परवानगीनं जातो, तर उद्या तेच तुमच्या उलटतपासणीत समोर ठेवतील: "बाई, ही सही तुमची ना? म्हणजे परवानगीनं जात होता ना?" परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. पिढ्यांची वहिवाट एका हंगामाच्या मेहेरबानीत जमा होईल. आणि दावा मागं घेतला की १४ नोव्हेंबर निघून जाईल, मग या चरासाठी ते दार पुन्हा उघडणार नाही. त्यांच्या मनात तसं असेलच असं मी म्हणत नाही, पण कागद तसाच आहे.

निवृत्त अव्वल कारकून (१९ ऑक्टोबर)

वकीलबाईंशी मी पूर्ण सहमत. पण ताई, शेजारी बोलायला आला ही चांगली गोष्ट आहे, त्याला दारातून परत पाठवू नका. चहा द्या. सरपंचांना सांगा, आम्हालाही मिटवायचंच आहे, पण मिटेल ते तहसीलदारांसमोर, दावा चालू ठेवून, आणि कायमचं.

तडजोडनामा दोन्ही बाजूंनी सह्या करून प्रकरणात दाखल करायचा आणि त्याप्रमाणे आदेश मागायचा. पुढे दिवाणी दावा लावायची वेळ आलीच तर तिथंही हीच तडजोड लोकअदालतीत ठेवता येते. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. आदेश कुणीही मोडला तर बजावणी करून घेता येते. घरातल्या स्टॅम्प पेपरवर तशी बजावणी करून घेता येत नाही.

तडजोडनाम्यात काय असावं ते लिहितो, वकीलबाई भाषा नीट करतील. दोन्ही गट क्रमांक. रस्ता कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो: शिवरस्त्यापासून मधल्या गटाच्या पूर्व बांधालगत, तुमच्या गटाच्या हद्दीपर्यंत. रुंदी आकड्यात आणि अक्षरात, नुसतं "गाडी जाईल इतका" नको, कारण त्यांची गाडी बैलाची असेल आणि तुमची उसाची. हातनकाशा जोडून त्यावर सगळ्यांच्या सह्या. "पूर्वापार वहिवाटीचा रस्ता" हे शब्द, "परवानगी" हा शब्द कुठंही नको. वारस आणि पुढे जमीन घेणारे यांच्यावरही बंधनकारक. चर कुणी बुजवायचा, कोणत्या तारखेपर्यंत, नळ्याचं फुटलेलं तोंड कुणी बसवायचं. मक्याचं थोडं पीक रस्त्यात जात असेल आणि त्याची भरपाई द्यावीशी वाटली तर द्या, पण ती पिकाची भरपाई म्हणून लिहा, रस्त्याची किंमत म्हणून नव्हे. शेवटी दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कात रस्त्याची नोंद घेण्यास हरकत नाही, हे त्यांच्या सहीनिशी. ही नोंद झाली की तलाठी बदलले, मालक बदलले, तरी पुढच्याला कागदावर रस्ता दिसेल.

त्यांनी यातलं काहीच मान्य केलं नाही तर काळजी करू नका, स्थळपाहणी होऊ द्या. ऊस तोंडावर आहे हे लेखी देऊन पाहणीची तारीख लवकर मागा, सोबत कारखान्याची ऊस नोंद जोडा. आणि ताकीद मिळाल्यावर ती मोडली तर तो गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. हे धमकी म्हणून शेजाऱ्याला सांगू नका, स्वतःला माहीत असू द्या.

ओढ्याकाठची (२० ऑक्टोबर)

सही केली नाही. सरपंचांना काकांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. रुंदीच्या मुद्द्यावर शेजारी अडले, सातबाऱ्यावरच्या नोंदीला तर नाहीच म्हणाले, उठून गेले. सरपंच मागं थांबले आणि म्हणाले, पाहणीला मी येतो, माझा जबाब घ्या, मी लहानपणी याच रस्त्यानं तुमच्या सासऱ्यांच्या गाडीत बसून गेलोय.

वकीलबाईंचा फोन लागला. पाहणी लवकर ठेवण्याचा अर्ज कारखान्याच्या नोंदीसह उद्या देतोय. जुन्या मालकांना बार्शीहून आणायला मालक स्वतः सुट्टी काढून येणार आहेत.

भीमाथडी दादा, तुमच्या प्रकरणात फेरचौकशी नेमकी कशावरून झाली होती, आठवत असेल तर लिहा. ते आमच्याकडून राहू नये.

भीमाथडी (२० ऑक्टोबर)

आठवतंय ताई. प्रतिवादीच्या भावाला नोटीस त्याच्या जुन्या पत्त्यावर गेली होती आणि "घर बंद" शेरा मारून परत आली, तरी प्रकरण तसंच पुढं चाललं. तुमच्या पाचही जणांच्या नोटिसांच्या पोच फाइलला लागल्यात का, हे प्रत्येक तारखेला जाऊन स्वतः बघा. कुणी बाहेरगावी असेल तर त्याचा आत्ताचा पत्ता शोधून नोटीस पुन्हा काढायला सांगा.

ओढ्याकाठची (२० ऑक्टोबर)

पाचातले दोघं बाहेरगावी आहेत, एक पिंपरीला, एक सुरतला. सुरतचा पत्ता आज रात्रीच मिळवते.